शाळेतले केसांचे नियम आणि भेदभावविरोधी कायदे: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

हे पान मुख्यतः अमेरिकेत शाळकरी मुलं असलेल्या मराठी पालकांसाठी आहे. ब्रिटन आणि भारताबद्दलही पुढे लिहिलंय, कारण प्रश्न तिथूनही येतात. हा वकिलाचा सल्ला नव्हे. पण शाळेच्या ऑफिसात जाण्याआधी वाचलंत तर बोलणं नेमकं होईल.

शाळेला शिस्तीचे नियम करायचा अधिकार आहेच की. मग त्यात भेदभाव कुठे आला?

अधिकार आहे, आणि इथे ज्या कायद्यांबद्दल लिहिलंय त्यांतला एकही तो काढून घेत नाही. केस स्वच्छ असावेत, प्रयोगशाळेत बर्नरजवळ बांधलेले असावेत, डोळ्यांवर येऊ नयेत, असं शाळा खुशाल सांगू शकते. नियम कागदावर सगळ्यांना सारखा, पण प्रत्यक्षात एकाच गटातल्या मुलांना नडणारा असला, की भेदभावाचा प्रश्न येतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या मॉल्डनच्या एका चार्टर शाळेत, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या शाळेत, हेअर एक्स्टेन्शन्सना, म्हणजे केसांत बाहेरचे केस गुंफायला, बंदी होती. सबब अशी की महागड्या केसांमुळे श्रीमंत आणि गरीब मुलांमधला फरक उठून दिसतो. ऐकायला किती छान! पण बाहेरचे पेड गुंफून बॉक्स ब्रेड्स, म्हणजे डोक्यावर चौकोनी भाग पाडून सुट्या बारीक वेण्या, घालणाऱ्या मुली प्रामुख्याने कृष्णवर्णीय असतात. २०१७ साली तिथल्या दोन जुळ्या बहिणींना यावरून डिटेन्शन बसलं, खेळाच्या टीममधून काढलं, प्रॉमला, म्हणजे शाळेच्या नाचाच्या समारंभाला, येऊ नका म्हणून सांगितलं. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने हा नियम बेकायदेशीर असल्याचं पत्र शाळेला पाठवलं, तेव्हा कुठे अंमलबजावणी थांबली. पुढे जुलै २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने यावर स्वतंत्र कायदाच केला.

वेणी घालायची की केस मोकळे सोडायचे, ही आवडीनिवडीची गोष्ट. वंशाचा काय संबंध?

हा प्रश्न आपल्याच नव्हे, अमेरिकी न्यायाधीशांनाही पडला होता आणि त्यांनी बराच काळ त्याचं उत्तर चुकीचं दिलं, असं माझं मत आहे.

आधी केसांचं बघू. घट्ट कुरळ्या, स्प्रिंगसारख्या केसांत टाळूवरचं नैसर्गिक तेल टोकापर्यंत उतरत नाही. केस कोरडे पडतात, कंगव्यात अडकतात, तुटतात. म्हणून ते बारीक वेण्यांमध्ये, पिळांमध्ये किंवा लॉक्समध्ये (ड्रेडलॉक्स, म्हणजे एकमेकांत गुंतवून दोरीसारख्या वळलेल्या बटा) बांधून ठेवतात आणि अशी घातलेली वेणी काही आठवडे सोडत नाहीत. डोकंभर बारीक वेण्या घालायला चार ते आठ तास सहज जातात. मुलगी खुर्चीवर मान वाकवून बसलेली, मागे आई, मावशी किंवा पैसे देऊन बोलावलेली वेणी घालणारी बाई, आणि मधे जेवायची सुट्टी. ‘सोमवारी साधे केस करून ये,’ हे प्रिन्सिपलचं एक वाक्य म्हणजे त्या घराचा अख्खा शनिवार-रविवार आणि बऱ्यापैकी पैसे पाण्यात. सरळ केसांच्या मुलीला तेच वाक्य ऐकवलं तर तिचं काम पाच मिनिटांत आटोपतं.

कोर्टांनी मात्र वेगळी फूटपट्टी धरली होती: जे जन्मजात आहे आणि बदलता येत नाही त्यालाच वंशभेदविरोधी कायद्याचं संरक्षण. १९८१ साली न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयाने एका विमान कंपनीच्या कर्मचारी महिलेला याच मुद्द्यावर परत पाठवलं. तिच्या कॉर्नरोज म्हणजे डोक्याला चिकटून घातलेल्या वेण्या होत्या. २०१६ साली अकराव्या सर्किट कोर्टाने, म्हणजे काही राज्यांवरच्या केंद्रीय अपील न्यायालयाने, अलाबामातल्या एका नोकरीच्या खटल्यात पुन्हा तेच म्हटलं. केसांचा पोत जन्मजात, पण ड्रेडलॉक्स ही निवड. ते कापायला नकार दिला म्हणून नोकरी गेली तर तो वंशभेद नव्हे. हे खटले शाळेचे नव्हते, पण शाळांचे वकील त्यांचाच आधार घेत होते. त्यामुळे कायद्यातच व्याख्या बदलावी, या मागणीने जोर धरला.

शिवाय या गोष्टीला मागचा इतिहास आहे. १७८६ साली लुईझियानाचे स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो यांनी कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांनी केस फडक्याखाली झाकावेत, असा हुकूम काढला होता. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इथे १८७९ मध्ये मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाली, तेव्हा मुलं आल्या आल्या त्यांचे लांब केस कापत. शाळा आणि कात्री यांची जोडी तिकडे जुनी आहे.

क्राउन ॲक्ट म्हणजे काय?

‘क्रिएटिंग अ रिस्पेक्टफुल अँड ओपन वर्ल्ड फॉर नॅचरल हेअर’ याची आद्याक्षरं म्हणजे क्राउन. पहिला कायदा कॅलिफोर्नियाचा. राज्याच्या सिनेटर हॉली मिचेल यांनी तो मांडला, गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ३ जुलै २०१९ ला सही केली आणि १ जानेवारी २०२० पासून तो लागू झाला.

कायदा अगदी छोटा आहे. नवा गुन्हा नाही, नवं खातं नाही. नोकरीच्या आणि शिक्षणाच्या कायद्यांत ‘वंश’ हा शब्द आधीपासून होता. त्याच्या व्याख्येत वंशाशी पूर्वापार जोडलेली लक्षणं घातली. केसांचा पोत आला, आणि वेण्या, लॉक्स, पीळ यांसारख्या केस जपणाऱ्या रचना आल्या. यादी उदाहरणादाखल आहे, तिथेच संपत नाही. म्हणजे ‘जन्मजात की निवड’ हा वाद कॅलिफोर्नियात एका वाक्यात निकालात निघाला.

तो सगळ्या अमेरिकेत लागू आहे का?

नाही. केंद्रीय कायद्याचं विधेयक प्रतिनिधीगृहाने २०२० मध्ये आणि पुन्हा मार्च २०२२ मध्ये मंजूर केलं. दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये अडलं. त्यामुळे सगळा कारभार राज्यागणिक. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीने २०१९ मध्येच कायदा केला, २०२० मध्ये व्हर्जिनिया हे दक्षिणेतलं पहिलं राज्य ठरलं, टेक्सासचा कायदा १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. आता दोन डझनांहून अधिक राज्यांत असा कायदा आहे. नोकरीनिमित्त राज्य बदललंत तर मुलाच्या शाळेचे नियमही बदलले, असं धरून चाला.

कायदा नसलेल्या राज्यातही १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण आहेच. केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शाळेला वंश, वर्ण आणि मूळ देश यांवरून भेदभाव करता येत नाही. फक्त तिथे केसांचा वंशाशी संबंध तुम्हाला सिद्ध करावा लागतो.

टेक्सासमध्ये कायदा होऊनही एका मुलाला वर्षभर वर्गाबाहेर बसवलं, असं वाचलं. हे कसं झालं?

या एका प्रकरणात कायद्याची ताकद आणि भोक दोन्ही दिसतं, म्हणून जरा सविस्तर.

ह्यूस्टनच्या पूर्वेला माँट बेल्व्ह्यू नावाचं गाव आहे, तिथला स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, बार्बर्स हिल. मुलग्यांसाठी तिथला नियम असा: केस भुवयांच्या, कानाच्या पाळीच्या आणि टी-शर्टच्या कॉलरच्या वरच्या कडेखाली जाता कामा नयेत. इथवर आपल्याकडच्या शाळेची डायरी उघडल्यासारखंच वाटतं. मेख पुढच्या शब्दांत आहे: ‘सोडल्यावर’. म्हणजे केस बांधून वर घेतले, कॉलरला कुठेच लागत नाहीत, डोळ्यांवर येत नाहीत, तरी सोडल्यावर ते किती लांब होतील हे शाळा मोजणार.

अकरावीतला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी आपले लॉक्स पिळून डोक्यावर बांधून येत असे. नवा कायदा लागू व्हायच्या आदल्या दिवशी, ३१ ऑगस्ट २०२३ ला, त्याच्यावर कारवाई सुरू झाली आणि जवळपास ते सगळं वर्ष त्याने इन-स्कूल सस्पेन्शनमध्ये काढलं. मधे काही आठवडे त्याला बेशिस्त मुलांच्या वेगळ्या शाळेतही धाडलं. तो शाळेत हजर होता, पण वर्गात नव्हता.

शाळेचा युक्तिवाद एका ओळीचा होता: कायद्यात लॉक्स, वेण्या, पीळ असं लिहिलंय; लांबी असं कुठे लिहिलंय? लॉक्स ठेव, फक्त आखूड ठेव. विरोधी बाजूचं म्हणणं, पुरेशा लांबीशिवाय लॉक्स बांधता किंवा पिळता येतच नाहीत, तेव्हा लांबी त्यात आलीच. २२ फेब्रुवारी २०२४ ला न्यायाधीश चॅप केन यांनी काही तासांच्या सुनावणीनंतर त्याच दिवशी शाळेच्या बाजूने निकाल दिला. पुढे ऑगस्टमध्ये केंद्रीय न्यायालयाने विद्यार्थ्याचे बहुतेक मुद्दे फेटाळले. एकच शिल्लक ठेवला, मुलींना लांब केस चालतात आणि मुलग्यांना का नाही, हा लिंगभेदाचा.

गंमत बघा. याच डिस्ट्रिक्टच्या याच नियमावर ऑगस्ट २०२० मध्ये, क्राउन ॲक्ट नसताना, दुसऱ्या केंद्रीय न्यायाधीशांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. कायदा नसताना दिलासा आणि कायदा आल्यावर नकार! माझ्या मते टेक्सासच्या आमदारांनी ‘लांबी’ हा एक शब्द घालायचा कंटाळा केला आणि त्याची किंमत एका मुलाच्या वर्षाने मोजली. तुमच्या राज्याचा कायदा वाचताना सगळ्यात आधी हा शब्द शोधा.

न्यू जर्सीचा कायदा कुस्तीमुळे झाला, हे खरं का?

बऱ्याच अंशी. १९ डिसेंबर २०१८ ला ब्युएना इथे शाळांच्या कुस्त्या चालू होत्या. पंचाने एका कृष्णवर्णीय मुलाला सांगितलं, लॉक्स काप नाहीतर कुस्ती सोड, आणि ठरवायला दीड मिनिट दिलं. मॅटच्या कडेला उभं करून टीमच्या ट्रेनरने कात्रीने त्याचे लॉक्स कापले. तो तसाच उतरला आणि जादा वेळेत जिंकलाही. व्हिडिओ देशभर फिरला. नागरी हक्क विभागाने चौकशी केली, पंचाला दोन हंगामांसाठी बाजूला केलं आणि बरोबर एका वर्षाने, १९ डिसेंबर २०१९ ला, गव्हर्नर फिल मर्फी यांनी कायद्यावर सही केली.

तेव्हा खेळाचं मैदान, बँड, नाटक, सगळं शाळेतच मोडतं. ‘वर्गात चालतं, पण टीमच्या फोटोसाठी नाही,’ असं कोच म्हणाला तर तो नियम कुठे लिहिलाय, हे विचारा.

आपण कृष्णवर्णीय नाही. आमच्या मुलाने नुसते केस वाढवलेत. त्याला संरक्षण आहे का?

क्राउन ॲक्ट कोणा एका वंशाचं नाव घेत नाही. पण केसांचा पोत किंवा रचना वंशाशी जोडलेली असावी लागते. तुमच्या मुलीचे केस दाट कुरळे आहेत आणि शाळा ‘नीटनेटके’ म्हणजे सरळ केलेले असा अर्थ लावते आहे, तर कायदा तिच्याही कामाचा आहे. पण चिरंजीवांनी क्रिकेटपटू किंवा गिटारवाला बघून खांद्यापर्यंत केस सोडले असतील, तर वंशाचा मुद्दा टिकणार नाही.

तरी एक वाट आहे, लिंगभेदाची. इंडियाना राज्यातल्या एका शाळेने बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलग्यांना केस आखूड ठेवायची सक्ती केली होती, मुलींच्या टीमला तशी नव्हती. २०१४ साली सातव्या सर्किट कोर्टाने तो भेदभाव ठरवला. टेक्सासची तऱ्हा उलटी. तिथे पाचव्या सर्किट कोर्टाचा १९७२ चा निकाल आहे की शाळेत हवे तितके केस वाढवायचा घटनात्मक हक्क विद्यार्थ्याला नाही. एकच मुलगा, तेच केस, आणि इंडियानापोलिसमध्ये एक उत्तर तर डॅलसमध्ये दुसरं.

मुंजीनंतर शेंडी राहते, किंवा तिरुपतीहून आल्यावर गोटा असतो. शाळेने हरकत घेतली तर?

इथे क्राउन ॲक्टपेक्षा धर्मस्वातंत्र्याचे कायदे जास्त उपयोगी पडतात. बहुतेक सरकारी शाळांना गोट्याचं काही वाटत नाही. चार दिवस मित्र डोक्यावर हात फिरवून जातात, एवढंच. शेंडीवरून मात्र कुरबुर होऊ शकते, कारण मुलग्यांना पोनीटेल किंवा मागे शेपटी ठेवायला मनाई करणाऱ्या नियमावल्या टेक्साससारख्या राज्यांत आहेत.

याच टेक्सासमधला नीडव्हिलचा खटला पालकांनी माहीत करून घ्यावा. बालवाडीतला पाच वर्षांचा अपाची वंशाचा मुलगा, केस कधी न कापलेले, घरची श्रद्धा तशी. शाळेने ‘सवलत’ दिली: एकच घट्ट वेणी घालायची आणि ती दिवसभर शर्टाच्या आत पाठीवर कोंबून ठेवायची. मुलगा दोन वेण्या बाहेर ठेवून आला, तर त्याला वर्गाबाहेर एकटं बसवलं. बालवाडीतल्या मुलाला! २०१० मध्ये पाचव्या सर्किट कोर्टाने राज्याच्या धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली शाळेचा नियम त्याच्यापुरता रद्द केला. कुटुंबाची श्रद्धा प्रामाणिक आहे, नियमाचा तिच्यावर खरा भार पडतो आणि शाळेकडे तेवढं सबळ कारण नाही, या तीन गोष्टी कोर्टाने बघितल्या. पाठीवर कोंबलेल्या वेणीचा दिवसभर होणारा त्रास हा त्या भाराचाच भाग होता.

तेव्हा मुंजीच्या आधी प्रिन्सिपलना चार ओळींचं ईमेल टाका: विधी कोणता, तारीख काय, डोक्यावर काय दिसेल, किती दिवस. परवानगी मागू नका, कळवा. शेंडी ‘स्टाइल म्हणून’ ठेवलीय असं मुलाने वर्गात सांगितलं आणि आईने ईमेलमध्ये संस्कार लिहिला, तर पंचाईत होते. दोघांचं आधी बोलणं होऊ द्या. मुलाला शेंडी नकोच असेल तर कायद्याचा प्रश्न उरत नाही, तो घरातला प्रश्न आहे.

दक्षिण आफ्रिकेतला एक निकालही सांगण्यासारखा आहे, केसांचा नसला तरी. डर्बनच्या शाळेतल्या तमिळ हिंदू मुलीच्या नाकातल्या चमकीवरून वाद झाला. शाळा म्हणाली, चमकी धर्माने सक्तीची कुठे केलीय? २००७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने सांगितलं, सक्तीची नसली तरी श्रद्धेने आणि परंपरेने पाळलेली गोष्ट संरक्षणाला पात्र आहे. आपल्याकडचं निम्मं धर्माचरण असंच ऐच्छिक असतं, म्हणून मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो.

मुलगी तेल लावून दोन वेण्या घालून जाते. वासावरून मुलं चिडवतात. हा केसांचा भेदभाव झाला का?

चिडवणारी मुलं आहेत, शाळेचा नियम नव्हे, त्यामुळे हे छळवादविरोधी कायद्यात बसतं. पण ‘इंडियन लोकांचे केस असेच’ अशा बोलण्याला मूळ देशावरून होणारा छळ म्हणता येतं, आणि कळूनही शाळेने काही केलं नाही तर ती जबाबदार ठरू शकते. न्यू जर्सीत कायदा कडक आहे. तक्रार आल्यावर एका शालेय दिवसात चौकशी सुरू व्हायला हवी आणि दहा शालेय दिवसांत पुरी. तोंडी सांगून ‘लक्ष देतो’ ऐकून परत येऊ नका. लेखी द्या, त्यात तारीख आणि बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा.

बरेच पालक यावर तेल बंद करतात. तो तुमचा निर्णय. मात्र शाळेच्या काउन्सेलरनेच तसं सुचवलं, तर तेही लिहून ठेवा.

लॉक्स म्हणजे आपल्याकडची जटच ना? मग तिकडे हक्क आणि इकडे अंधश्रद्धा, असं का?

दिसायला सारखं, गोष्ट वेगळी. लॉक्स बहुधा जाणूनबुजून वळवतात, नियमित धुतात, मुळाशी नीट राखतात. हवे तेव्हा कापायची मुभा असते. महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या सीमाभागात मुलीच्या डोक्यात गुंता होऊन जट झाली, की देवीचं बोलावणं आलं म्हणत आणि कापली तर कोप होईल या धाकाने ती वाढू देत. त्यातून काही मुली देवाला सोडल्या गेल्या, शाळा सुटली, मानेचं दुखणं आणि उवा वेगळ्याच. म्हणून अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते घरोघर जाऊन, त्या बाईची संमती मिळवून, जट सोडवतात किंवा कापतात.

संमती या एका गोष्टीवर दोन्हीकडची बाजू एकच आहे: ज्याचं डोकं त्याची इच्छा. अमेरिकेतल्या मुलावर कापायची सक्ती होते, इथल्या मुलीवर न कापायची.

खासगी शाळेला हे सगळं लागू होतं का?

राज्यावर अवलंबून आहे. टेक्सासच्या कायद्यातला शालेय भाग सरकारी डिस्ट्रिक्ट आणि चार्टर शाळांपुरता आहे. खासगी शाळेत तुम्ही प्रवेशाच्या करारावर सही केलेली असते, आणि केसांचा नियम बहुधा त्यातच असतो. फी भरायच्या आधी वाचा.

ब्रिटनमध्ये काय परिस्थिती आहे?

तिथे केसांचा वेगळा कायदा नाही. २०१० च्या समता कायद्यातल्या ‘वंश’ आणि ‘धर्म’ यांतूनच काम भागवतात आणि बऱ्यापैकी भागतं. याचा पाया आपल्याच उपखंडातल्या एका कुटुंबाने घातला. बर्मिंगहॅमच्या एका खासगी शाळेच्या मुख्याध्यापकाने शीख मुलाला सांगितलं, पगडी उतरव आणि केस काप, तरच प्रवेश. लॉर्ड डेनिंग यांच्या अपील कोर्टाने शाळेची बाजू घेतली: शीख हा धर्म आहे, वंश नव्हे. १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते फिरवलं आणि समान इतिहास व परंपरा असलेला समाज म्हणून शिखांना वंशभेद कायद्याचं संरक्षण दिलं.

२०११ मध्ये लंडनच्या हॅरो भागातल्या एका कॅथलिक शाळेचं प्रकरण उच्च न्यायालयात आलं. अकरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी कॉर्नरोजमुळे दारातून परत पाठवलं होतं. शाळेला भीती टोळ्यांच्या फॅशनची; मुलाच्या घरी मात्र जन्मापासून केस न कापण्याची परंपरा. कोर्टाने हा अप्रत्यक्ष वंशभेद ठरवला. लंडनमधल्याच हॅकनीतल्या एका मुलीला तिचा ॲफ्रो, म्हणजे मोकळे सोडलेले गोलाकार कुरळे केस, ‘फार मोठा’ म्हणून वारंवार घरी पाठवलं; २०२० मध्ये साडेआठ हजार पौंडांवर तडजोड झाली, शाळेने चूक कबूल केली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये समता आणि मानवी हक्क आयोगाने शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तुमच्या शाळेला त्या दाखवा, निम्मे वाद तिथेच मिटतात. दाव्याची मुदत सहा महिन्यांची आहे.

आणखी कुठे हे प्रश्न आलेत?

बऱ्याच ठिकाणी. प्रिटोरियाच्या मुलींच्या हायस्कूलमध्ये २०१६ साली विद्यार्थिनीच ॲफ्रो केसांसाठी उभ्या राहिल्या. घानाच्या अचिमोटा शाळेने रास्ताफारी, म्हणजे लॉक्स ठेवणं श्रद्धेचा भाग मानणाऱ्या पंथाच्या, विद्यार्थ्यांना लॉक्समुळे प्रवेश नाकारला, मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तो द्यायला लावला. जपानमध्ये जन्मजात तपकिरी केस काळे रंगवायची सक्ती होत असे. ओसाकात एका विद्यार्थिनीला २०२१ मध्ये ३ लाख ३० हजार येन भरपाई मिळाली, तरी कोर्टाने नियम मात्र बेकायदा म्हटला नाही. थायलंडमधला १९७५ चा विद्यार्थ्यांच्या केसांचा नियम तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केला.

भारतात, महाराष्ट्रात असा कायदा आहे का?

केसांच्या नावाने नाही. दोन वेण्या, लाल रिबिनी, मुलग्यांना ‘मशीन मारून ये’, हे सगळं शाळेच्या मर्जीवर चालतं, आणि पालकही बहुधा शाळेच्याच बाजूचे असतात. पण नियम असणं वेगळं आणि प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांसमोर कात्री चालवणं वेगळं. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. सहा ते चौदा वयाच्या मुलाचे केस शिक्षकाने जबरदस्तीने कापले, अर्धवट भादरून तसंच दिवसभर बसवलं, तर ते या कलमात येतं आणि शिक्षकावर सेवानियमांखाली कारवाई होऊ शकते. आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या, मग गटशिक्षणाधिकारी किंवा पालिकेच्या शिक्षण विभागाला, आणि तिथेही दाद लागली नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाला. तातडीचं असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर आहे.

शीख विद्यार्थ्याचे केस धर्मस्वातंत्र्यात येतात, याबद्दल आपल्याकडे फारसा वाद नाही. वाद उलटाच झाला होता. अमृतसरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शीख कोट्यातून अर्ज करणाऱ्या काहींना केस कापले, भुवया कोरल्या म्हणून प्रवेश नाकारला, आणि २००९ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तो नकार उचलून धरला.

अमेरिकेतल्या शाळेने अडवलं तर नेमकं काय करायचं?

पहिल्या दिवशी फक्त एक गोष्ट मागा: नियम लेखी. हँडबुकचं पान, कलम, आणि मुलाने त्यातलं काय मोडलं हे ईमेलवर. निम्म्या वेळा नियम हँडबुकमध्ये नसतोच, कोणा एका उपप्रिन्सिपलच्या डोक्यात असतो. त्याच दिवशी मुलाच्या केसांचे समोरून, बाजूने, मागून फोटो काढा. नंतर ‘कॉलरखाली होते’ आणि ‘नव्हते’ यावर वाद रंगतो, तेव्हा फोटोच कामी येतात. नियम ‘सोडल्यावर’ असा असेल तर सोडलेल्या केसांचाही फोटो घ्या.

मग स्कूल डिस्ट्रिक्टच्या नागरी हक्क अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. तिथे टोलवाटोलवी झाली तर राज्याचा नागरी हक्क विभाग किंवा केंद्रीय शिक्षण खात्याचं नागरी हक्क कार्यालय. दोन्हीकडची मुदत लक्षात ठेवा: केंद्रीय कार्यालयात घटनेपासून १८० दिवस, न्यू जर्सीच्या विभागातही १८० दिवस, न्यू जर्सीत थेट कोर्टात जायचं तर दोन वर्षं. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत उन्हाळ्याची सुट्टी घालवली की १८० दिवस कधी सरले ते कळतही नाही.

निकाल लागेपर्यंत मुलाने केस कापावेत का?

हे तुम्ही ठरवायचं नाही, त्याने किंवा तिने ठरवायचं. मोठ्या मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. पण दोन्हीकडचं खरं सांगून ठरवू द्या. बार्बर्स हिलच्या त्या विद्यार्थ्याने केस कापले नाहीत, अकरावीचं वर्ष वर्गाबाहेर काढलं आणि बारावीत शाळा बदलली. असं वर्ष कोणाला झेपेल, कोणाला नाही. नाही झेपलं म्हणून कापले, तरी तक्रार मागे घ्यायची गरज नसते, कारण ती नियमाबद्दल असते.

वर्गाबाहेर बसवलंच, तर रोजचा गृहपाठ आणि वर्गात काय शिकवलं ते शिक्षकांकडून ईमेलवर मागवत राहा. अभ्यास बुडू नये म्हणून, आणि किती बुडाला हे पुढे दाखवता यावं म्हणूनही.